बारशिंग्यांच्या गावाला

"आत्या, वाघ दिसलाच नाही तर मी शाळेत काय सांगू?"

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी गाडी सुटून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या भाच्यानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

"सांग, वाघानं किरकोळ रजा टाकली होती म्हणून," भाची म्हणाली. ती नववीत, तो सहावीत. टोमणा अर्थातच मला होता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. जानेवारीतल्या शनिवार-रविवारला जोडून एक किरकोळ रजा घेतली, दोन्ही भाचरांना बरोबर घेतलं आणि निघाले कान्हाला.

मुलांनो, नकाशा काढा बरं. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला गोंदिया सापडेल. तिथून थोडं उत्तरेला सरकलं की मध्य प्रदेशातलं बालाघाट. इकडच्या आणि तिकडच्या माणसांत फारसा फरक नाही. पोवारी बोलणारी घरं दोन्हीकडे आहेत, धानाची शेतं दोन्हीकडे आहेत. बालाघाटहून बैहरची बस धरायची. बस घाट चढू लागते आणि बघता बघता जंगल बदलतं. आपल्याकडचा साग मागे पडतो आणि साल वृक्षाचं राज्य सुरू होतं. उंच, सरळ, वर्षभर हिरवी दिसणारी झाडं. वाटेत मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जाण्याची पाटी दिसली, तेव्हा मी सवयीनं भूगोलाचा धडा सुरू केला. दोघंही ताबडतोब झोपी गेली.

बैहरहून जीपनं मुक्की. कान्हाच्या जंगलात शिरायची जी फाटकं आहेत, त्यांपैकी हे दक्षिणेकडचं. शेजारून बंजर नदी वाहते. फाटकाजवळच्याच एका गावात एका घरी आम्ही उतरलो. घर मातीचं, अंगण सारवलेलं, ओसरीवर एक म्हातारे बाबा ऊन खात बसलेले. त्या बाबांची गोष्ट पुढे येणारच आहे.

आता खरं सांगते, मी काही वाघासाठी निघाले नव्हते. मला बारशिंगा पाहायचा होता. त्याला कारण आहे, आणि ते जरा लाजिरवाणं आहे. वर्गात प्राण्यांचे तक्ते दाखवताना मी कित्येक वर्षं एका चित्रावर छडी ठेवून "हा बारशिंगा" असं सांगत होते. एक दिवस चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मी याच्या शिंगांची टोकं मोजली. सहाच आहेत." मी मोजली. खरंच सहा! एका शिंगाला तीन, दुसऱ्याला तीन. म्हणजे तो बारशिंगा नव्हताच, सांबर होता. तेव्हापासून ठरवलं होतं, खरा बारशिंगा एकदा डोळ्यांनी पाहायचा आणि टोकं मोजायची.

तुमचीही अशी गल्लत होत असेल. आपण मराठीत काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर, सगळ्यांना सरसकट हरीण म्हणून मोकळे होतो. निसर्गाचा अभ्यास करणारे मात्र त्यांची दोन कुळं सांगतात, कुरंग आणि सारंग. काळवीट आणि चिंकारा कुरंग. त्यांच्या शिंगांना फाटे फुटत नाहीत आणि ती जन्मभर टिकतात. चितळ, सांबर, भेकर आणि आपला बारशिंगा हे सारंग. यांची शिंगं भरीव हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात, आणि गंमत म्हणजे ती दर वर्षी गळून पडतात! मग पुन्हा नवी उगवतात. कोवळी असताना त्यांच्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते. शिंग पुरतं वाढलं की नर ते झाडाझुडपांवर घासून घासून ती कातडी उतरवतो. एवढं मोठं ओझं दर वर्षी नव्यानं डोक्यावर उगवायचं म्हणजे अंगाला किती लागत असेल, विचार करा. आणि हे फक्त नराच्या नशिबी. मादीला शिंगं नसतात.

दुपारच्या फेरीला आम्ही निघालो. जिप्सीत आम्ही तिघं, पुण्याचं एक जोडपं, चालक आणि गाईड. गाईडदादा बैहरकडचे होते. हिंदीच बोलत होते, पण आमची मराठी त्यांना अडत नव्हती. साल वृक्षांच्या दाट सावलीतून गाडी बराच वेळ चालली आणि अचानक पडदा बाजूला सारावा तसं जंगल सरलं. समोर मोठं गवताळ मैदान, पार पलीकडच्या झाडांच्या रेघेपर्यंत. गवत माणसाच्या कमरेएवढं, वाळून सोनेरी झालेलं.

"ये सौंफ मैदान है," गाईडदादा म्हणाले.

आणि त्या गवतात दहा-बारा तपकिरी पाठी दिसत होत्या. मग एक डोकं वर आलं. त्यावर शिंगं! सांबरासारखी खडबडीत आणि जाड नव्हेत. गोल वळण घेत वर गेलेली, आणि वर टोकंच टोकं. मी श्वास रोखून मोजू लागले. डावीकडे सहा. उजवीकडे... तेवढ्यात त्यानं मान वळवली. पुन्हा मोजली. उजवीकडे सात. तेरा झाली!

"बारा कशी नाहीत?" भाचा म्हणाला.

"नाव बारह का है, पर दस भी होते हैं, चौदह भी," गाईडदादा हसले. बारशिंगे काही पाढे शिकलेले नसतात.

इतक्यात पलीकडच्या रानातून चितळाचा धोक्याचा आवाज आला. मैदानात उभ्या असलेल्या सगळ्या जिप्स्या एकामागून एक सुरू झाल्या आणि धुरळा उडवत त्या दिशेला पळाल्या. चालकानं मागे वळून आमच्याकडे पाहिलं. पुण्याच्या ताई यजमानांकडे बघू लागल्या. भाचा तर अर्धा उभाच राहिला होता. सगळ्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, म्हणून मीच म्हटलं, "जाऊ या." गेलो. वाघाच्या पंज्यांचे ताजे ठसे दिसले, धुळीत उमटलेले, ताटलीएवढे. ठशांचा धनी काही दिसला नाही. परत मैदानावर आलो तोवर बारशिंगे दूर गेले होते आणि फाटक बंद व्हायची वेळ झाली होती. माझा जीव हळहळला. उद्या सकाळची फेरी होती, एवढाच दिलासा.

रात्री थंडी अशी पडली की विचारू नका. अंगणात शेकोटी पेटली होती. ओसरीवरचे बाबाही येऊन बसले. मी मुलांना गाईडदादांकडून ऐकलेलं आणि थोडं आधी वाचलेलं सांगत होते. तेच तुम्हालाही सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बारशिंगे उत्तर प्रदेशातल्या दुधव्याला आहेत, आसामात काझीरंगाला आहेत. पण ते दलदलीत राहणारे. त्यांचे खूर पसरट, चिखलात रुतू नयेत म्हणून. कान्हाचा बारशिंगा मात्र टणक जमिनीवर राहतो. त्याचे खूर घट्ट, आवळलेले. ही जात पूर्वी मध्य भारतात ठिकठिकाणी होती. ती कमी होत होत शेवटी साऱ्या जगात एकट्या कान्हात उरली. तिथेही १९३८ च्या सुमारास तीन हजार असतील असा अंदाज होता. १९७० मध्ये मोजले तेव्हा किती भरले असतील?

"पाचशे?" भाची म्हणाली.

सहासष्ट. फक्त ६६. माझ्या शाळेतली दोन वर्गांतली मुलं एकत्र केली तरी एवढी भरतील.

आणि हे घडलं ते काही वाऱ्यावर सोडलेल्या रानात नव्हे. कान्हाला १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. मग बारशिंगे गेले कुठे? शिकारीनं पूर्वी पुष्कळ मारले होते हे खरं. वाघानं खाल्ले, हेही खरं. पण वाघ तर हजारो वर्षं त्यांना खातच आला होता! जॉर्ज शॅलर नावाचे प्राणिशास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहिले. कान्हाची हरणं आणि वाघ यांच्यावर त्यांनी पुढे एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर, १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत, स्वित्झर्लंडचे क्लॉड मार्टिन खास बारशिंग्यांसाठी इथे येऊन राहिले. आणि कान्हाचे त्या वेळचे क्षेत्र संचालक होते एच. एस. पंवार. पुढे देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था निघाली, तिचे ते संचालकही झाले. अशा लोकांनी वर्षानुवर्षं पाहून, मोजून, टिपून ठेवलं आणि एक गोष्ट लक्षात आली. घोटाळा गवतात होता.

कसा ते ऐका. चितळ गवत खातो, पाला खातो, पडलेली फुलंफळं खातो. झाडावर वानरं असली तर त्यांनी खाली टाकलेला पालाही वेचतो. त्याचं कशावरही भागतं. बारशिंगा मात्र हट्टी! त्याला गवतच लागतं, नाहीतर पाण्यातल्या वनस्पती. तेवढंच नाही. नर-माद्यांचा मेळ हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत जमतो. मादी साधारण आठ महिने गाभण असते. करा हिशेब. पाडस जन्मतं पावसाळा सरता सरता. एका वेळी एकच. आणि त्याला आई उंच गवतात लपवून ठेवते. गवत उंच असेल तर पाडस वाचतं. आखूड असेल तर कोल्हासुद्धा नेतो, मग वाघ-बिबट्याचं काय सांगावं?

त्या काळी कान्हाच्या आत गावं होती. गावांची गुरं कुरणात चरत. नवं कोवळं गवत यावं म्हणून उन्हाळ्यात कुरणं पेटवली जात. कोवळ्या गवतावर चितळांचीही चंगळ. पण त्यामुळे गवत उंच म्हणून राहीना, आणि बारशिंग्यांची पाडसं वाचेनात.

मग उपाय झाले. कान्हाच्या मैदानात एक मोठं कुंपण घालून त्यात थोडे बारशिंगे ठेवले. वाघ आत येऊ शकत नाही, चितळ आत येऊन गवत खुडू शकत नाहीत. आत गवत वाढलं आणि पाडसं जगली. वणवा रोखायला जाळरेषा आखल्या. म्हणजे काय, तर उन्हाळ्याआधी जंगलात पट्टेच्या पट्टे साफ करून ठेवायचे, आग तिथवर आली की पुढे जायला तिला काही मिळत नाही. कुरणात उगवणारी झुडपं दर वर्षी काढावी लागतात, नाहीतर जंगल पुढे सरकत येतं आणि कुरण गिळून टाकतं. तळी खोदली. आपल्याला वाटतं, जंगल म्हणजे आपोआप वाढणारी गोष्ट. इथे तर शेतासारखी निंदणी चालते! १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यात पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होतं. त्यामुळे या कामाला बळ मिळालं. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे आतली गावं एकेक करून बाहेर हलवली. जिथे गावं होती, शेतं होती, तिथे गवत आलं. आम्ही दुपारी पाहिलेलं सौंफ मैदान, तेही एके काळी सौंफ नावाचं गाव होतं. गवत उंच झालं तसे बारशिंगे तिकडे गेले आणि तिथे त्यांची पाडसं वाढू लागली.

अलीकडच्या गणनेत कान्हाचे बारशिंगे हजाराच्या आसपास भरले आहेत.

"सहासष्टचे हजार!" भाचा म्हणाला. मग जरा थांबून, "पण आत्या, वाघच काढून टाकले असते तर आणखी लवकर झाले असते."

असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात मी पुढच्या बाकावर बसवते. मी त्याला अंदमानची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळात तिथे चितळ नेऊन सोडले होते. तिथल्या बेटांवर ना वाघ, ना बिबट्या. चितळ वाढत गेले आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करू लागले. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्याखाली नवी उगवायची कशी? हरणं फार कमी झाली तरी पंचाईत, फार वाढली तरी पंचाईत. कान्हात वाघ आहे म्हणून चितळांना आवर आहे, आणि चितळांना आवर आहे म्हणून गवत आहे. बारशिंगा वाघाच्या तोंडी जातो आणि वाघामुळेच जगतोही. हे सहावीतल्या मुलाला पटवायला मला दोन लाकडं जळेपर्यंत वेळ लागला.

आणखी एक धास्ती होती. जगातले हे सगळे बारशिंगे एकाच जंगलात. आमच्याकडचा शेतकरी धानाचं सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नाही. उंदीर लागला, ओल आली की संपलंच. तशीच इथे एखादी साथ आली तर? म्हणून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्रप्रकल्पात नेले. पूर्वी ते तिकडच्या रानात होतेच. २०२३ मध्ये बांधवगडलाही नेले. नेतात कसे तेही मजेदार आहे. त्याला 'बोमा' म्हणतात, ही आफ्रिकेकडून आलेली रीत. नरसाळ्यासारखं कुंपण करायचं, तोंड रुंद, पुढे निमुळतं होत जाणारं, आणि टोकाला ट्रक. कुंपण झाकून घेतलेलं, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही. कळप हळूहळू आत येतो आणि चालत चालत ट्रकमध्येच शिरतो! बंदुकीनं गुंगीचं औषध मारायला नको, दोरखंड नकोत. हरणाची जात फार भित्री. नुसत्या धास्तीनंही मरते. म्हणून हा सगळा खटाटोप. मग शेकडो किलोमीटरचा प्रवास, आणि तिकडे पोचल्यावर लगेच मोकळं सोडायचं नाही, आधी कुंपणात ठेवून सवय होऊ द्यायची. मध्य प्रदेशानं बारशिंग्याला राज्यप्राणी केलं आहे, आणि कान्हानं २०१७ मध्ये त्याला आपलं बोधचिन्हही केलं. त्याचं नाव भूरसिंग. फाटकापाशी भाचीनं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

तर हे सगळं मी रंगात येऊन सांगत होते. बाबा इतका वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, "मास्टरनीजी, वो मैदान में नाले के मोड़ पर एक आम है. दो तने का. दिखा क्या?"

मी म्हटलं, "नाही बाबा, लक्ष नव्हतं. का?"

"मेरे बाप का लगाया है."

बाबा गोंड होते. त्यांचं गाव याच बाजूला, आत होतं. ते नऊ-दहा वर्षांचे असताना गाव उठलं. बैलगाडीत धान्याच्या कणग्या, जातं, कोंबड्या, आणि वर बाबा. नव्या जागी जमीन मिळाली, पण ती मोडून शेत करायला पहिली दोन वर्षं फार जड गेली, असं ते म्हणाले. मोहाची झाडं मागे राहिली, नाला मागे राहिला. आता मुलगा पाहुणे उतरवतो, नातू शिकतो आहे, बरं चाललंय. जंगलाबद्दल त्यांनी वाईट शब्द काढला नाही. "बारासिंघा पहले भी आता था," म्हणाले, "हमारे कोदो में घुस जाता था. माँ डंडा लेकर भगाती थी." आणि हसले. कोदो हे तिकडचं भरड धान्य. मग म्हणाले, तेव्हापासून आत गेलो नाही. एकदा गुराख्यांबरोबर कडेपर्यंत गेलो होतो, तेही लग्नाआधी.

माझ्या आजोळचं गाव धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, असं आई सांगायची. मी कधी पाहायला गेले नाही. शेकोटीपाशी बसून मला ते आठवलं, आणि 'गावं बाहेर हलवली' हे वाक्य मी मघाशी किती सहज म्हटलं होतं, तेही आठवलं. वाक्य खोटं नव्हतं. सहासष्टचे हजार झाले हेही खोटं नाही. पण तेवढ्या एका वाक्यात या बाबांची बैलगाडी मावत नव्हती. भाचीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला राग येत नाही बारशिंग्यांचा?" ते म्हणाले, "उसका क्या कसूर?" आणि थोड्या वेळानं, "आम देखना. नाले के मोड़ पर."

सकाळी सहाला फाटकावर. अंगावर दोन स्वेटर, वर घोंगडी, तरी दात वाजत होते. या वेळी गाईड दुसरा होता, एक तरुण मुलगा. मी जोडआंब्याचं विचारलं तर तो जरा चमकला. "आपको किसने बताया?" पर्यटक वाघाची जागा विचारतात, आंब्याची नव्हे.

मैदानावर आलो आणि आम्ही सगळेच गप्प झालो. रात्रीचं दहिवर गोठलं होतं. कालचं सोनेरी गवत आज पांढरंशुभ्र! सूर्य वर येत होता तशी पांढऱ्यावर तांबूस छटा चढत होती आणि गवतातून वाफ निघत होती. त्या वाफेत बारशिंगे उभे होते. काल दहा-बारा होते, आज मोजताना मी चाळीसवर थांबले. हे दिवस त्यांच्या मेळाचे. नरांच्या अंगावर गडद, जवळजवळ काळपट रंग चढलेला, मानेवर आयाळ. आणि एकानं काय केलं होतं, माहीत आहे? शिंगं गवतात खुपसून खुपसून गवताचा मोठा भाराच डोक्यावर घेतला होता! लोंबणाऱ्या काड्या डोळ्यांवर येत होत्या, पण ऐट अशी की लग्नाचा मुंडावळ्या बांधलेला नवरदेवच. मादीपुढे आणि दुसऱ्या नरांपुढे हा थाट असतो. मग त्यानं मान वर केली आणि ओरडला. हरणाचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. आधी गाढवासारखं काहीतरी, मग तुतारीसारखं, लांबवर घुमत जाणारं. दुसऱ्या टोकाहून दुसऱ्यानं उत्तर दिलं. दोघं समोरासमोर आले, शिंगांना शिंगं भिडली. कट्कट् असा कोरडा आवाज. दोन मिनिटं ढकलाढकली, मग लहान होता तो मागे फिरला, जणू काही झालंच नाही अशा थाटात चरू लागला.

"आत्या," भाचा कुजबुजला, "याची चौदा आहेत. मी दोनदा मोजली."

नाल्याच्या वळणावर गाडी थांबली. आंबा होता. दोन बुंध्यांचा, एक बुंधा जरा पाण्याकडे झुकलेला. आजूबाजूला गावाची काही खूण नव्हती. एक भिंत नाही, दगड नाही. गवतच गवत, आणि मधोमध माणसानं लावलेलं हे एक झाड. त्याच्याखाली दहिवर नव्हतं, जमीन कोरडी होती. तिथे पाच-सहा माद्या बसल्या होत्या, रवंथ करत. त्यांच्यात दोन पाडसं, सप्टेंबर-ऑक्टोबरची असतील. एक पाडसू उठलं, झुकलेल्या बुंध्याला नाक लावून आलं आणि पुन्हा आईजवळ जाऊन बसलं. खाली उतरायची परवानगी नसते, म्हणून आम्ही गाडीतूनच पाहत राहिलो. दूर कुठेतरी वाघासाठी गाड्या पळाल्याचा आवाज आला. या वेळी कुणी काही बोललं नाही, भाचासुद्धा. तो दुर्बिणीतून झाडाचा शेंडा बघत होता.

परत आलो तेव्हा बाबा उन्हात बसले होते. समोर रात्रीच्या शेकोटीची राख, तिच्यात एक-दोन निखारे अजून धुगधुगत होते. भाचा गाडीतून उडी मारून पळतच गेला.

"बाबा, आंबा आहे! दोन बुंध्यांचा! खाली बारशिंगे बसलेत, पिल्लंपण आहेत."

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "मौर आया है?"

मौर म्हणजे मोहोर. मला सुचलंही नव्हतं बघायचं. भाचा मात्र म्हणाला, "नाही. मी दुर्बिणीतून पाहिलं. नाही आला."

"आएगा," बाबा म्हणाले. "वो देर से ही आता है." आणि त्यांनी पायानं एक लाकूड निखाऱ्यांकडे सरकवलं.